बिरवाडीची रात्र

१९७७चा ऑक्टोबर. महाडजवळच्या बिरवाडीत, एका खळ्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. भातकापणी उरकलीय, पेंढ्याची उडवी रचून झालीय. आपल्या काळातून तुम्ही अतिनील प्रकाशाचा टॉर्च सोबत आणलाय. तो जांभ्याच्या गडग्यावर फिरवा. फटीत हिरवट-निळं काहीतरी झळकतं, हातभर अंतरावर आणखी एक. लाल विंचू.

वाका, पण हात लावू नका. नांग्या किती बारीक आहेत बघा, आणि शेपूट केवढी जाड! दांडग्या नांग्यांचा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचं विष बरंच सौम्य. हा मात्र शिकारीसाठी विषावरच विसंबतो. दिवसभर तो फटीत होता. आता पायांनी जमिनीची कंपनं टिपत निश्चल थांबलाय. झुरळ जवळ आलं की पकडेल. पलीकडच्या मादीच्या पाठीवर पांढुरकी पिल्लं दाटीवाटीनं बसलीत. ती आईला खातात हा समज खोटा आहे. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथं राहतात, मग आपापल्या वाटेनं जातात. माणसाच्या मागे लागणं या प्राण्याच्या स्वभावातच नाही.

तेवढ्यात एक शेतकरी गुरांसाठी पेंढा काढायला उडवीत हात घालतो. बोटाला डंख. घटकाभरात तो घामानं निथळतो, ओकतो, हातपाय गार पडतात. घरची माणसं विंचू उतरवणाऱ्याला बोलवायला धावतात. बराच वेळ त्यातच जातो.

तुम्ही त्याच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १९७६पासून इथं असलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर खाटेपाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवताहेत. विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं वेळेवर मिटत नाहीत. शरीरातलीच उत्तेजक रसायनं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्या काळी गंभीर दंशाचे शंभरातले चाळीसएक रुग्ण दगावत. पहाटे या शेतकऱ्याच्या तोंडाला गुलाबी फेस येतो. डॉक्टरांच्या हाती लागू पडेल असं औषध नाही.

आता काही वर्षं पुढे या. भूभाग तोच, विंचूही तोच. फक्त बावस्करांच्या हातात आता प्राझोसिन आहे, रक्तदाबावरची स्वस्त गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून येतो. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरतं. वैद्यकातल्या मोठ्या कामांत मी याची गणना करतो, कारण मरणाऱ्या माणसाशेजारी जागून, एकेक नोंद करत ते उभं राहिलं.

आता आपल्या काळात परत या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर गडग्यात, लाकूडफाट्यात, पेंढ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. चप्पल-बूट झटकून घाला. विंचू चावलाच, तर किती दुखतंय यावरून धोका ठरवू नका. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठा. प्राझोसिन स्वतःच्या मनानं घेऊ नका. तिनं रक्तदाब झपाट्यानं उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी लागते. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका, लगेच निघा.