बहुधा जर्मन

मराठी मध्यमवर्गाला ‘जर्मन’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो स्वयंपाकघरात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला आमच्या आज्या बेधडक ‘जर्मनचं पातेलं’ म्हणत. ते भांडं भांडुपला घडलेलं असलं तरी त्याचं राष्ट्रीयत्व बदलत नसे. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं माझ्या हातात गंजका वस्तरा ठेवून ‘‘साहेब, अस्सल जर्मन!’’ अशी ग्वाही दिली, तेव्हा पुरावा मागणं भागच होतं.

‘‘शिक्का कुठाय?’’ मी विचारलं.

‘‘शिक्क्यानं दाढी होते का, साहेब?’’

हा युक्तिवाद बिनतोड असल्यामुळे मी वस्तरा घेतला. सौ.नं तो दोन बोटांनी उचलून पाहिला आणि ‘‘धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना?’’ एवढंच विचारलं.

आता शिक्क्याची ही भानगड फार जुनी आहे. जर्मनीत वुपर नदीच्या काठी सोलिंगेन नावाचं गाव आहे. मध्ययुगात तिथे तलवारी होत. पुढे लढायांपेक्षा दाढ्यांचं प्रमाण वाढलं आणि गाव सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांकडे वळलं. पण बाजारात दरारा होता तो इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. तेव्हा काही सोलिंगेनकरांनी सोपा मार्ग काढला. माल आपला आणि शिक्का शेफिल्डचा! इंग्रज खवळले. १८८७ साली त्यांच्या पार्लमेंटनं कायदाच केला, की परदेशी मालावर खोटी इंग्रजी छापछूप चालणार नाही, माल कुठला ते सांगा. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मुळात आले ते असे, गिऱ्हाइकानं सावध व्हावं म्हणून. गिऱ्हाइकानं माल वापरून पाहिला आणि पुढे हेच शब्द शोधून तो घेऊ लागलं. मास्तरांनी पोराच्या गळ्यात ‘हा उनाड आहे’ अशी पाटी अडकवावी आणि गावानं ती पाटी बघूनच त्याला जावई करून घ्यावा, तशातली गत झाली. कळस म्हणजे १९३८ साली सोलिंगेनच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, बाहेरच्यांनी ते चोरू नये म्हणून! एकेकाळी ज्या गावावर नाव चोरल्याचा बोभाटा झाला, त्यालाच पुढे स्वतःचं नाव कुलपात ठेवावं लागलं.

मग माझा वस्तरा कोरा का? तो या कायद्यांच्या आधीचा असेल, कुणा दुकानदारानं आपलं नाव घालावं म्हणून कोराच विकला गेला असेल, किंवा शिक्का दर्दी हातांनी घासूनपुसून नाहीसा झाला असेल. कागदपत्रं नसलेल्या पाहुण्याची चौकशी करावी तशी मग मी अंगावरच्या खुणांवरून सुरुवात केली.

पहिली खूण पात्याची. जुने शेफिल्डचे वस्तरे जाड, पाचरीसारखे. पात्याच्या दोन्ही बाजू गोल दगडावर आत खोल घासून धारेकडे कागदासारखी पातळ करायची, या कामात सोलिंगेननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाव काढलं. असं पातं दाढी करताना बारीक आवाज करतं. माझं पातं तसलंच निघालं. अर्थात अशी पाती शेफिल्डलाही होऊ लागली होती, तेव्हा ही साक्ष अर्धीच.

दुसरी खूण मुठीची. काळी मूठ अंगठ्यानं जोरात चोळून मी नाकाला लावली आणि देवघरातल्यासारखा कापराचा वास आला. नेमक्या त्याच क्षणी सौ. खोलीत आली. वस्तरा हुंगणाऱ्या नवऱ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन नको. पण तो वास म्हणजे जन्मतारीखच. सेल्युलॉइडमध्ये कापूर घालतात आणि सेल्युलॉइड बाजारात आलं ते १८७० नंतर. म्हणजे मूठ त्याआधीची नाही. तिच्यात एक दुर्गुणही असतो. म्हातारपणी ती आम्लाची वाफ सोडते आणि जवळ निजलेल्या पात्यालाच गंज चढवते. म्हणून असा वस्तरा मिटून, डबीत कोंडून ठेवू नये.

आता दुरुस्ती. शेजारच्या अण्णांनी ताबडतोब सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला हाक मारायला सांगितलं. मी नको म्हटलं. फिरत्या चाकावर इतकं पातळ पातं क्षणात तापतं, त्यावर निळी झाक येते आणि त्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. मी तेल लावून रात्रभर ठेवलं आणि तांबडा गंज बारीक पॉलिश पेपरनं हातानंच, धारेपासून दूर राहून काढला. काळे डाग तसेच राहू दिले. चकचकीत करण्याच्या हौसेपायी पोलादाबरोबर पुसट अक्षरंही जातात, आणि मग चौकशी कायमची बंद.

धारेसाठी कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या काकांकडे गेलो. हल्ली त्यांच्याही हातात अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा असतो. वडिलांची धोकटी ट्रंकेत आहे. त्यांनी पातं नखावर हलकेच वाजवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘‘दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं,’’ काका म्हणाले. ‘‘उलटं केलं की पट्टा कापलाच समजा. आणि पाठ उचलू नका साहेब, ती टेकलेलीच पाहिजे. तिच्यावरच धारेचा कोन ठरतो.’’

‘‘काका, पण हा जर्मन आहे का?’’

‘‘ज्यानं घासलाय ना, त्याला हात होता,’’ काका म्हणाले आणि पट्टा ओढायला लागले.

मी सोलिंगेनच्या घासणाऱ्यांबद्दल वाचलं होतं. लोहार वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. घासणारे नदीकाठच्या पाणचक्कीवर, पुढे वाफेच्या यंत्राजवळ भाड्यानं जागा घेऊन नगावर काम करत. दगडाची धूळ छातीत जाई आणि पुष्कळांना ती लवकर घेऊन जाई. शिक्का मात्र पडायचा तो मालकाचा किंवा व्यापाऱ्याचा. त्या हिशेबानं, शिक्का असलेला वस्तराही घासणाऱ्याच्या बाबतीत निनावीच!

माझ्या एका संग्राहक मित्रानं परवा सल्ला दिला, ‘‘अरे, बारीकसं ‘सोलिंगेन’ कोरून घे. किंमत चौपट होईल.’’ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शेफिल्डच्या नावानं जे झालं, तेच आता सोलिंगेनच्या नावानं, आणि तेही माझ्या घरी! मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

वस्तरा आता शोकेसमध्ये उघडा ठेवला आहे. खाली मुलीनं सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली आहे : ‘वस्तरा. १८७० नंतरचा. बहुधा जर्मन.’ पाहुणे त्या ‘बहुधा’ला हसतात. हसोत बापडे. त्या चिठ्ठीत तेवढाच एक शब्द मी स्वतः घालायला लावला आहे.