युरिया: गोठ्यातला आणि गोणीतला

मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी शहराबाहेर काढून आरेला वसवायचं ठरलं, ते 1949 साली. दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांची ही वसाहत. तिथल्या दुधाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, मुताबद्दल कोण लिहिणार? पण हजारो म्हशींचे गोठे धुतले की शेणामुताचं पाणी वाहणारच, आणि ते उतारावरच्या पॅरा गवताला मिळे. पाणथळीत तगणारं, कितीही कापलं तरी फुटणारं हे गवत त्यावर माजायचं आणि कापून पुन्हा गव्हाणीत जायचं. त्या मुतातलं बहुतेक नत्र युरियाच्या रूपात असतं.

गोणीतल्या पांढऱ्या दाण्याचं कूळही तेच. 1773 मध्ये फ्रान्सच्या रुएलनं युरिया मूत्रातून वेगळा केला. 1828 मध्ये जर्मनीत वोलरनं तो प्रयोगशाळेत बनवला, म्हैसही नको आणि माणूसही नको. पुढे हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची हाबर-बॉश रीत आली, त्या अमोनियाची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून कारखाने युरिया करू लागले. मुंबईत असा कारखाना आरेपासून फार लांब नाही: ट्रॉम्बेला, 1965 पासून. 1978 मध्ये त्याची ‘राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स’ झाली. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ 15:15:15 या गोण्या तिथल्याच.

आता मका. पावसाळ्यात आरेला फिरायला येणारे जे कणीस लिंबू-मीठ चोळून खातात, त्याला नत्राची भूक मोठी. हेक्टरी 120 किलो नत्र ही आपल्याकडची नेहमीची शिफारस. युरियात ते 46 टक्के असतं, म्हणजे 45 किलोच्या जवळपास सहा गोण्या. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र जेमतेम 21 टक्के, गोण्या दुपटीहून जास्त लागतात. पण सोबत गंधक येतं, आणि गंधकाची उणीव असलेल्या जमिनीत ते दाण्यातल्या प्रथिनांच्या कामी येतं.

युरियाची खोड अशी की तो वरवर फेकून ठेवला तर अमोनिया होऊन उडून जातो. गोठ्यात डोळे चुरचुरतात ते ह्याच वायूनं. म्हणून वाफसा पाहून मातीआड करायचा आणि हप्त्यांनी द्यायचा: पेरणीला, मका गुडघ्याएवढा झाल्यावर आणि तुऱ्याच्या आधी. एकदाच ओतला तर मुसळधार पावसात नायट्रेट होऊन झिरपतो, आणि कणसाचं टोक बोडकं राहतं.

दाण्याच्या दर्ज्याचं गणित मात्र सरळ नाही. भुकेल्या जमिनीत पहिलं नत्र उत्पन्नात जातं, उत्पन्न थांबलं की पुढचं प्रथिनात. ते प्रथिन मुख्यतः झीन असतं, लायसिनला तोकडं. म्हणजे प्रथिनाची टक्केवारी वाढली तरी मका खाणाऱ्या कोंबड्यांना लायसिन वेगळं द्यावंच लागतं. हिरव्या चाऱ्याला तर जास्तीचं नत्र घातकच. पाऊस ताणला की ताटात नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होते.

तरी शेतकरी युरियाच उचलतो. त्याला दोष देणं मला पटत नाही. 2010 पासून इतर बहुतेक खतांचं अनुदान घटकांनुसार ठरतं आणि त्यांचे भाव कंपन्या ठरवतात, युरियाची किंमत मात्र सरकारनं बांधलेली, म्हणून स्वस्त. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला: नत्र जरा सावकाश सुटावं म्हणून, आणि अनुदानाची गोणी शेतावर न जाता कारखान्यांकडे वळू नये म्हणूनही.