आकाशाची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाला हिशेबाचे मोल वेगळे सांगायला नको. माझी सारी नोकरी हिशेबात गेली. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. तरीही गेली काही वर्षे मी एका निराळ्याच रोजकीर्दीच्या नादी लागलो आहे. स्थलांतर करणारे ससाणे, गरुड आणि गिधाडे मोजणाऱ्या माणसांनी डोंगरमाथ्यावर आणि तळ्याकाठी बसून लिहिलेली ही रोजकीर्द. तिचा इतिहास सुरू होतो तो बंदुकीपासून.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. शरद ऋतूत वारा या रांगेवर आपटून वर चढतो आणि दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत जातात. कड्यावर उभे राहिले तर ते अगदी नजरेच्या टप्प्यातून जातात, म्हणजेच बंदुकीच्याही टप्प्यातून. हे पक्षी कोंबड्या आणि शिकारीची पाखरे पळवतात, म्हणून ते मारण्याजोगेच, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. १९२९ मध्ये राज्याने गॉसहॉक या जातीच्या प्रत्येक मेलेल्या पक्ष्यामागे ५ डॉलर इनाम लावले. सुट्टीच्या दिवशी लोक कड्यावर जमत आणि बार काढत. रिचर्ड पॉफ या तरुणाने १९३२ मध्ये तिथे ओळीने मांडलेल्या मृत पक्ष्यांची छायाचित्रे काढली.

ती छायाचित्रे रोझली एज या बाईंच्या पाहण्यात आली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाईंना निवेदने देऊन वाट पाहणे ठाऊक नव्हते. १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगरच ५०० डॉलर देऊन भाडेपट्ट्याने घेतला, पुढे विकत घेण्याच्या अटीसह. राखणीसाठी मॉरिस ब्राऊन आणि त्यांची पत्नी अर्मा तिथे येऊन राहिले. पहिल्या हंगामात ब्राऊन यांनी पगारही मागितला नाही. बंदूकवाल्यांना परत पाठवायचे आणि उरलेल्या वेळात वर बसून पक्षी मोजायचे, असा त्यांचा दिनक्रम. ‘हॉक माउंटन’ या नावाने आज जगाला ठाऊक असलेल्या अभयारण्याची मोजणी अशी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ ते १९४५ ती बंद पडली. ती तीन वर्षे सोडली, तर वही पुढे चालूच राहिली.

ही मोजणी पुढे कशाच्या कामी येणार, हे १९३४ मध्ये कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. डीडीटी शेतात आणि घराघरांत पोहोचले ते महायुद्ध संपल्यावर. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेल्या बाल्ड ईगलचे पिल्लू सर्वांगाने गडद तपकिरी असते. डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे कड्यावरून पाहणाऱ्याला पक्ष्याचे वय कळते आणि ब्राऊन यांनी ते लिहून ठेवले होते. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हे आकडे मांडले. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे अवघे एक पिल्लू दिसले.

या आकड्यांनी कारण सांगितले नव्हते. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमध्ये दाखवून दिले ते १९६७ मध्ये, तेही संग्राहकांनी जपून ठेवलेली जुनी अंडी तपासून. वहीने एवढेच सांगितले होते, की म्हातारे उडताहेत आणि त्यांच्या मागे कोणी येत नाही. कारण शोधायला भाग पाडण्यास तेवढे पुरेसे होते. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली आणि २००७ मध्ये बाल्ड ईगल संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

शरदातल्या मोजणीत त्या वर्षीची नवी पिल्लेही धरली जातात. वसंतातली मोजणी वेगळी. हिवाळा, उपासमार आणि हजारो मैलांचा प्रवास सोसून जे परतले, तेच तीत येतात. आमच्या भाषेत सांगायचे तर शरदात जमेची बाजू दिसते आणि वसंतात शिल्लक कळते. या शिल्लकेसाठी प्रसिद्ध असलेली एक जागा म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील डर्बी हिल. उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांपुढे ओंटारियो सरोवर आडवे येते. गार पाण्यावर गरम हवेचे स्तंभ उठत नाहीत, म्हणून पक्षी ते ओलांडायचे टाळतात आणि दक्षिण काठाने पूर्वेकडे वळतात. सरोवराच्या आग्नेय कोपऱ्यात त्यांची दाटी होते. तिथे १९७९ पासून नियमित गणना होते आणि एका वसंतात सरासरी ४० हजारांच्या आसपास शिकारी पक्षी नोंदले जातात. दक्षिण अमेरिकेतून येणारे ब्रॉड-विंग्ड हॉक एप्रिलच्या उत्तरार्धात थोड्याच दिवसांत थव्याथव्याने निघून जातात.

मोजण्याची रीत साधी आहे. गरम हवेत घिरट्या घालणारा थवा मोजायला जायचे नाही. तो वर पोहोचून एका ओळीत पुढे घसरू लागला, की मोजायचे. दर तासाला वारा, ढग, तापमान आणि मोजणाऱ्यांची संख्या लिहायची. एकही पक्षी आला नाही तर त्या तासापुढे शून्य लिहायचे. शून्य आणि कोरी जागा यांतला फरक हिशेबनिसाला सांगावा लागत नाही. शून्य म्हणजे माणूस हजर होता आणि त्याने पाहिले. अर्थात एका ठिकाणचा आकडा घसरला म्हणजे पक्षी मेलेच असे नव्हे, त्यांनी वाट बदललेली असू शकते. म्हणून अनेक ठिकाणांच्या वह्या शेजारी ठेवून ताळा घ्यावा लागतो. त्यासाठी उत्तर अमेरिकेतील मोजणाऱ्यांनी १९७४ मध्ये आपली संघटना उभारली.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १९८० च्या दशकात विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला आणि तिथली गिधाडे मोजली. तेव्हा गिधाड हा कोणी मुद्दाम मोजावा असा पक्षी नव्हता, इतका तो सर्वत्र होता. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा घरटी ओस पडत चालली होती. त्यांचा निबंध १९९९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. कारण तेव्हाही ठाऊक नव्हते. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गिधाडांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती.

आपल्याकडे गावोगावची वडीलधारी माणसे सांगतात, ढोर टाकले की घटकाभरात गिधाडांनी माळ भरून जायचा. मी ते ऐकतो आणि ते खरे आहे याविषयी मला शंका नाही. पण किती होती, कोणत्या साली कमी झाली, आधी पिल्ले दिसेनाशी झाली की प्रौढ, या प्रश्नांची उत्तरे आठवणीत सापडत नाहीत. औषधावर बंदी घालायची तर सरकारपुढे आठवण ठेवून भागत नाही, आकडा ठेवावा लागतो. भरतपुरात पहिली मोजणी झाली नसती, तर दुसऱ्या मोजणीला तुलनेसाठी काहीच मिळाले नसते आणि त्या घोळात आणखी काही वर्षे गेली असती. आज आपल्या डोक्यावरून घारी, शिक्रे आणि कापशा जातात. ते भरपूर आहेत, असे आपण म्हणतो. गिधाडांबद्दलही आपण हेच म्हणत होतो.