न उडणारा द्रावक

टोल्युइनच्या वासात नोकरी काढलेल्या माझ्यासारख्या केमिस्टला न उडणाऱ्या द्रावकाचे अप्रूप वाटणारच. 1914 मध्ये पॉल वाल्डेन यांनी अवघ्या 12 अंश सेल्सियसला वितळणारे मीठ नोंदवले: इथिलअमोनियम नायट्रेट. 1992 मध्ये हवा-पाण्यात टिकणारे आयनिक द्रव, म्हणजे अशीच सहसा न उडणारी द्रवरूप मिठे, आले. 2000 मध्ये हॅडलटन आणि सहकाऱ्यांनी अशा द्रवात मिथाइल मेथाक्रिलेटचे नियंत्रित पॉलिमरायझेशन केले. तांब्याचा उत्प्रेरक द्रवातच राहिला. पॉलिमर काढायला मात्र टोल्युइनच लागले! शिवाय हवा वाचली, तरी नाल्यात गेलेला असा द्रव सहज कुजत नाही. गॅदरगुड आणि स्कॅमेल्स यांनी मग रेणूच्या शेपटीत एस्टर बंध घातला. जिवाणूंना तोडायला जागा मिळाली. द्रावकाला ‘हरित’ म्हणण्याआधी त्याचा शेवट कुठे होतो, ते तपासावे.