उस्मानाबाद जिल्ह्यातील पक्ष व निवडणुका

नव्या लोकशाहीतील पक्षपद्धतीच्या अभ्यासाचे एक उद्‌बोधक उदाहरण. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे जबाबदार राज्यपद्धती नव्हती. स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार येथील जनतेने प्रथम १९५२ च्या निवडणुकीत बजावला.

राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या ‘काँग्रेस व्यवस्था’ या संकल्पनेनुसार काँग्रेस हा सहमतीचा पक्ष असून विरोधी पक्ष त्यातील गटांवर बाहेरून दडपण आणतात. उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघातील १९५२ ते १९९१ पर्यंतच्या दहाही सार्वत्रिक निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. तथापि जिल्ह्यात विरोधाची परंपरा शेतकरी कामगार पक्षाने जिवंत ठेवली. या पक्षाचे भाई उद्धवराव पाटील १९७७ मध्ये लातूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच वर्षी उस्मानाबाद मतदारसंघ मात्र काँग्रेसकडे राहिला. यावरून एकपक्षप्राबल्य सर्वत्र सारखे नव्हते, हे दिसते.

उस्मानाबादमधील हे प्राबल्य १९९६ मध्ये शिवसेनेच्या विजयाने संपुष्टात आले. १९९८ मध्ये काँग्रेस व १९९९ मध्ये पुन्हा शिवसेना विजयी झाली. म्हणजे काँग्रेसच्या पीछेहाटीचा लाभ जुन्या विरोधी पक्षास न होता नव्या पक्षास झाला. सत्तांतर मतपेटीतूनच घडावे, हा संकेत मात्र अर्धशतकात येथे दृढमूल झाला.