गाडीच्या पोटाखालची हवा

साल १९८०, साउथॅम्प्टन विद्यापीठ. विंड टनेलचा पंखा सुरू होतो तशी पायाखालची फरशी थरथरू लागते. तुम्ही काचेला नाक लावून आत बघताय. तुमच्या शेजारचा मुलगा एकविशीचा आहे, नाव ॲड्रियन न्यूई. शिकतोय विमानशास्त्र. विमान हवेत कसे उचलले जाते हे त्याला शिकवले गेले आहे. त्याला मात्र गाडी जमिनीला चिकटवायची आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी त्याने विषयच तो घेतला आहे.

दोनच वर्षांपूर्वी मारिओ आंद्रेत्ती लोटस ७९ चालवून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्या गाडीचे सगळे रहस्य तिच्या पोटाखाली होते. पाण्याच्या पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात सुटते, तशी गाडीचा तळ आणि रस्ता यांच्या चिंचोळ्या फटीत हवा वेग घेते. वेग वाढला की तिचा दाब उतरतो आणि गाडी खाली ओढली जाते. वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत ते यामुळे. या सगळ्यात एकच अडचण आहे, आणि ती अडचण या मुलाचे उभे आयुष्य व्यापणार आहे. फट थोडीशी जरी कमी-जास्त झाली तरी खालची ओढ एकदम बदलते.

मधली काही वर्षे आपण भरभर ओलांडू. १९८३पासून फॉर्म्युला वनमध्ये चाकांच्या मधला तळ सपाट ठेवण्याचा नियम आला. न्यूई मार्च कंपनीत गेला. त्याने आखलेल्या गाड्यांनी १९८५ आणि १९८६ अशी दोन्ही वर्षे अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकली. तुम्हाला उतरायचे आहे ते जून १९९० मध्ये, मेक्सिको सिटीत.

समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर तुम्ही पिटमध्ये उभे आहात. डांबराला जागोजागी उंचवटे आणि खळगे आहेत. समोर न्यूई आता जिथे काम करतो त्या लेटन हाउस संघाच्या निळसर हिरव्या सीजी ९०१ गाड्या, त्यानेच आखलेल्या. इव्हान कॅपेली आणि मॉरिसिओ गुजेल्मिन पात्रता फेरीसाठी निघतात आणि तुम्ही घड्याळाकडे बघत राहता. गाडी उंचवट्यावरून गेली की डिफ्यूझरखालची, म्हणजे तळाच्या मागच्या वर चढणाऱ्या भागाखालची, हवा तळाला सोडून देते, ओढ नाहीशी होते, पुढच्या क्षणी परत येते. अशा गाडीवर कोणता चालक भरवसा ठेवील? शर्यतीला २६ गाड्या घेतात. लेटन हाउसच्या दोन्ही बाहेर राहतात. रविवारी बाकीचे शर्यतीला उभे राहतात तेव्हा तुमच्या संघाची सामानाची बांधाबांध झालेली असते.

पण विंड टनेलमधले आकडे तर उत्तम होते!

इथे थोडे थांबा, कारण इंजिनीअरच्या पेशातली खरी परीक्षा ही आहे. आकडे एक सांगतात, रस्ता दुसरेच सांगतो. सोपा मार्ग म्हणजे चालकाला दोष देणे, टायरला देणे, मेक्सिकोच्या रस्त्याला देणे. न्यूई मापाच्या साधनावरच संशय घेतो. संघाचे काम आता ब्रॅक्लीच्या नव्या विंड टनेलमध्ये हलले आहे. तेच मॉडेल तिथे लावल्यावर डिफ्यूझरचा दोष स्पष्ट दिसतो. साउथॅम्प्टनच्या जुन्या टनेलमध्ये मॉडेलखालची जमीनच सपाट राहिली नव्हती, वाकली होती. वाकलेल्या जमिनीवर घेतलेली मापे खरी मानून महिनोन्महिने गाडी आखली गेली होती. फटीचाच सगळा खेळ असलेल्या गाडीसाठी याहून घातक चूक मला सुचत नाही.

तुम्ही त्याच्या ड्रॉइंग बोर्डापाशी जा. पेन्सिल, रबर, मोठा कागद. तळाचा मागचा भाग तो नव्याने आखतो, आणि गाडीला सुधारलेला तळ मिळतो. पण ती गाडी शर्यतीत धावण्याआधीच संघातली त्याची नोकरी संपलेली असते.

८ जुलै १९९०, पॉल रिकार, फ्रान्स. मेक्सिकोला फक्त दोन आठवडे झालेत. रस्ता गुळगुळीत, ८० फेऱ्यांची शर्यत. कॅपेली सातव्या जागेवरून सुटतो, गुजेल्मिन दहाव्या. बाकीचे टायर बदलायला पिटमध्ये येतात. या दोघांनी न थांबता जायचे ठरवले आहे. फलकाकडे बघा, पहिला कॅपेली, दुसरा गुजेल्मिन! पंधरवड्यापूर्वी पात्रही न ठरलेल्या गाड्यांमागे फेरारीतला अॅलेन प्रोस्ट अडकून पडला आहे. पुढे गुजेल्मिनचे इंजिन दगा देते. कॅपेलीचेही शेवटी अडखळू लागते आणि तीन फेऱ्या उरल्या असताना प्रोस्ट पुढे निघतो. फेरारीचा तो शंभरावा विजय. कॅपेली दुसरा. तुम्ही पिटच्या भिंतीवर न्यूईला शोधाल तर तो तिथे नाही. तो विल्यम्सकडे निघाला आहे.

सिल्व्हरस्टोन, जुलै १९९२. विल्यम्सच्या गॅरेजमध्ये एफडब्ल्यू १४बी उभी आहे. कोणी हात न लावता ती चाकांवर वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. हे ॲक्टिव्ह सस्पेन्शन. संगणक क्षणोक्षणी तळाची उंची मोजतो आणि हायड्रॉलिक्स ती सांभाळते. मेक्सिकोत जी फट हातातून निसटत होती ती इथे पक्की धरून ठेवली आहे. पात्रता फेरीत नायजेल मॅन्सेल दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीहून १.९ सेकंदांनी पुढे, आणि ती दुसरी गाडीही विल्यम्सचीच. एकाच फेरीत इतके अंतर! त्या वर्षीच्या १६ पैकी १० शर्यती या गाडीने जिंकल्या.

१९९४ साठी ही यंत्रणा नियमाने बंद झाली. फट पुन्हा मोकाट सुटली. नवी एफडब्ल्यू १६ चालवायला अवघड, लहरी निघाली. १ मे, इमोला. आदल्याच दिवशी याच ट्रॅकवर चालक रोलँड रॅट्झेनबर्गरचा जीव गेला आहे. सातव्या फेरीत टॅम्बुरेलो वळणावर विल्यम्सचा चालक आयर्टन सेना याची एफडब्ल्यू १६ सरळ भिंतीवर जाते आणि त्याचाही जीव जातो. इटलीत खटला उभा राहिला, स्टीअरिंगच्या दांड्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला. न्यूई निर्दोष सुटला. स्वतःच्या आत्मचरित्रात मात्र त्याने लिहिले आहे की त्या गाडीची हवेतली वागणूक आपण अस्थिर ठेवली, आणि ते ओझे त्याच्यावर आहे. कोर्टाने सोडल्यावरही स्वतःच्या रेषांचा हिशेब स्वतःला देत राहणे मला या पेशातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तुम्ही त्या वेळी त्याच्याजवळ उभे असता तरी बोलायला शब्द सापडले नसते.

मॅक्लारेनची वर्षे, हॅक्किनेनची विजेतेपदे, रेड बुलमध्ये वेटेलची सलग चार, हे सारे मागे टाकून २०२२ मध्ये या. जवळपास चाळीस वर्षांनी नियम उलटले आहेत आणि तळाखालच्या हवेला पुन्हा मोकळीक मिळाली आहे. पहिल्याच चाचण्यांत सरळ रस्त्यावर बहुतेक गाड्या वरखाली उड्या मारू लागतात, चालकांच्या पाठी दुखावतात. तरुण इंजिनीअरांनी हे पुस्तकातच वाचलेले. न्यूईने ते विद्यार्थी असतानाच पाहिले होते. रेड बुलच्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये त्याने स्वतः लक्ष घातले, अजूनही पेन्सिल आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊनच. त्या हंगामात रेड बुलला उड्यांचा त्रास फार कमी झाला.

पुढच्या वर्षीच्या आरबी १९ने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. हातून गेली ती एकच, सप्टेंबरमधली सिंगापूरची. शहरातल्या त्या खडबडीत रस्त्यांवर गाडी हवी तितकी जमिनीलगत बसवता आली नाही, आणि शर्यत फेरारीच्या कार्लोस साइन्झने जिंकली.