मतपत्रिकेवरचा काळा पँथर : एका शेरीफच्या निवडणुकीची कथा

१. मुंबईत १९७२ साली ‘दलित पँथर’ उभी राहिली. तिच्या नावामागे अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर पार्टी’ची प्रेरणा होती, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तो पँथर त्याही आधी एका मतपत्रिकेवर अवतरला होता. आणि ती निवडणूक होती एका काउंटीच्या शेरीफपदाची. हा धागा तिच्याविषयी.

२. आपल्याकडे मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे केवळ मानाचे पद. अमेरिकेत मात्र काउंटीचा शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो. अटक, तुरुंग, न्यायालयाच्या हुकमांची अंमलबजावणी हे सारे त्याच्या हाती. अनेक राज्यांत न्यायाधीशही मतदानानेच निवडले जातात.

३. अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटी. सुमारे ८०% लोक कृष्णवर्णीय, बहुतेक दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. तरीही १९६५ च्या प्रारंभी मतदारयादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. तेथील हिंसाचारामुळे लोक तिला ‘रक्तरंजित लाउंड्स’ म्हणत.

४. मार्च १९६५ मध्ये दोन कृष्णवर्णीयांची नावे यादीत चढली. त्यांतील एक जॉन ह्युलेट. हे नाव ध्यानात असू द्यावे.

५. २० ऑगस्ट १९६५ रोजी काउंटीचे मुख्य ठाणे असलेल्या हेनव्हिल येथे जोनाथन डॅनियल्स हा धर्मशिक्षण घेणारा गौरवर्णीय तरुण एका सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला वाचविताना गोळी लागून ठार झाला. आरोपी टॉम कोलमन हा शेरीफचा मानद सहायक. बारा गौरवर्णीय ज्यूरींनी त्याला निर्दोष सोडले.

६. या निकालाने एक गोष्ट स्वच्छ दिसली. वॉशिंग्टनने त्याच महिन्यात मतदानहक्काचा कायदा केला होता. पण बंदूक, तुरुंग आणि ज्यूरीची यादी या तिन्ही गोष्टी काउंटीतच ठरत होत्या. काउंटीची सत्ता बदलल्यावाचून कायदा कागदावरच राहणार होता.

७. मग उमेदवार कोणत्या पक्षाकडून उभे करायचे? अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते कोंबडा, आणि १९६६ च्या आरंभापर्यंत त्यासोबत गौरवर्णीयांच्या वर्चस्वाची घोषणा छापली जाई. शिवाय पक्षाने काउंटीतील पदांसाठीचे उमेदवारी शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर केले.

८. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकेल आणि स्थानिक लोक यांनी वेगळी वाट धरली. ‘लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ स्थापन झाली. अध्यक्ष जॉन ह्युलेट. निरक्षर मतदारांसाठी चिन्ह आवश्यक होते. आपल्याकडे १९५१-५२ च्या निवडणुकीत बैलजोडी होती. तेथे कोंबड्यासमोर काळा पँथर आला.

९. खरा पेच येथेच होता. ३ मे १९६६ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक होती. गव्हर्नरपदासाठी राज्यातील बहुतेक कृष्णवर्णीय संघटनांचा पाठिंबा रिचमंड फ्लॉवर्स यांना होता. डॅनियल्सच्या खुनाच्या खटल्यात आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून झगडलेला हा महाधिवक्ता. त्याला मत देणे स्वाभाविकच होते.

१०. परंतु नव्या पक्षाचे उमेदवारही त्याच दिवशी सभा भरवून ठरवावे लागत, आणि प्राथमिक निवडणुकीत मत देणाऱ्याला त्या सभेत भाग घेता येत नसे. राजधानीतील सज्जन गव्हर्नर की गावातला आपला शेरीफ? दोन्ही एकदम मिळणे शक्य नव्हते.

११. त्या दिवशी हेनव्हिलच्या न्यायालयाजवळील एका बाप्टिस्ट चर्चपाशी सुमारे ९०० जण जमले. शेरीफ, करआकारणी, करवसुली, मृत्युतपासणी अधिकारी आणि शिक्षण मंडळाच्या तीन जागा यांचे उमेदवार निवडले गेले. शेरीफपदासाठी सिडनी लोगन. तिकडे फ्लॉवर्स हरले; लर्लीन वॉलेस जिंकल्या.

१२. ‘स्निक’ने या पदांची कामे समजावणाऱ्या चित्रपुस्तिका वाटल्या. कोणाला मत द्यावे हे सांगण्याआधी शेरीफ काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्या सांगत. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे केवळ भय वाटले, ते पद आता लोकांना आपल्या कामाचे दिसू लागले.

१३. याची किंमत मोठी होती. मतदारयादीत नाव घातले म्हणून अनेक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. ती महामार्गालगत तंबूंत राहिली. ८ नोव्हेंबर १९६६ ला पँथरचे सातही उमेदवार पराभूत झाले. मात्र अधिकृत पक्ष ठरण्यासाठी लागणारी २०% मते त्यांनी ओलांडली.

१४. त्याआधी महिनाभर, ऑक्टोबर १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हेच चिन्ह आपल्या संघटनेसाठी उचलले. तेथून त्या नावाचा प्रवास मुंबईपर्यंत झाला.

१५. लाउंड्समध्ये मात्र लोक मतपेटीपाशीच टिकून राहिले. १९७० साली जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. पुढे ते काउंटीचे प्रोबेट न्यायाधीशही झाले.

१६. अलाबामात प्रोबेट न्यायाधीश हाच काउंटीतील निवडणुकांचा मुख्य अधिकारी असतो. ज्या काउंटीने ह्युलेट यांचे नाव १९६५ पर्यंत मतदारयादीत येऊ दिले नव्हते, तिथल्या निवडणुका त्यांच्याच देखरेखीखाली होऊ लागल्या.